फ्रॉकचा टॅग

बाबा धाकट्याकडे राहायला जाणार हे मंगळवारी ठरलं आणि रविवारी दुपारी धाकटा गाडी घेऊन न्यायला आला. मधल्या चार दिवसांत थोरल्या सुनेने कुणाशी एक भांडणही केलं नाही, यावरून तिची अवस्था ओळखावी.

ठरलं म्हणजे काय, तर धाकट्याने फोन केला आणि बाबा 'हो' म्हणाले. दोन वर्षं तो दर महिन्याला विचारत होता आणि बाबा दर महिन्याला 'बघू' म्हणत होते. बाबांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे घरात सगळ्यांना पाठ होतं. या वेळी मात्र त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सूनबाई, रविवारी माझी बॅग भरून दे." थोरली बटाटे सोलत होती. ती सोलतच राहिली. एक बटाटा सोलून सोलून सुपारीएवढा झाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

का जाताय, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. उत्तर आपल्याला माहीत आहे अशी तिची खात्रीच होती. बाबांना कळलं असणार.

छापखाना बंद पडला आणि तिच्या नवऱ्याला, थोरल्याला, गोदामाच्या फाटकावर निम्म्या पगाराची नोकरी धरावी लागली, तेव्हापासून या घरात नवी वस्तू आलेली नव्हती. थोरली दाताच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम करायची. दर बुधवारी तिथून सुटली की लाँड्रीच्या मागच्या गल्लीत जुन्या सामानाचं दुकान होतं, तिकडे वळायची. बुधवारी तिथे नवी गाठोडी सुटायची. पहिल्या खेपेला ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून गेली आणि चोरासारखी एक पातेलं घेऊन बाहेर पडली. तिसऱ्या खेपेला स्कार्फ सुटला. सहाव्या खेपेपासून दुकानवाली बाई तिच्यासाठी बरं काही दिसलं की गल्ल्याखाली सारून ठेवायला लागली.

आणि खरं सांगायचं तर थोरलीला त्याची गोडी लागली. कॉलर आतून बघायची, काख उजेडात धरायची, चेन तीनदा वरखाली करायची, भांड्यावर टिचकी मारून नाद ऐकायचा, हे सगळं ती आपलं आपण शिकली. कुणाच्या तरी घरातून नको म्हणून निघालेला लोकरीचा स्वेटर उसवून तिने लेकीला टोपी आणि मोजे विणले होते. एका पडद्याच्या चार उशा झाल्या होत्या. संध्याकाळी बाजार उठताना भाजी घ्यायची, डाग पडलेली फळं आधी संपवायची, दिवा लावायच्या आधी खिडकीशी बसून निवडटिपण करायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, थोरलीने अंथरुणालाच जोड लावून ते लांब केलं होतं. तिला स्वतःचा अभिमान वाटायचा. फक्त तो कुणाला सांगता येत नव्हता.

कारण सासरे मास्तर होते. त्यांच्या वडिलांनी काढलेलं शिवणकामाचं दुकान त्यांनी चाळीस वर्षं चालवलं, आणि त्या दुकानाचा आणि घराचा एकच नियम होता : दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. हा नियम लग्नानंतर आठवडाभरातच थोरलीच्या कानावर घातला गेला होता. त्याच्या जोडीला कात्रीचा रिवाज होता. दुकानातून कुठलाही कपडा मास्तरांची कात्री लागल्याशिवाय बाहेर जात नसे. गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी कपड्याला टाचलेली असायची आणि तिचा दोरा देताना मास्तर स्वतः कापायचे. दुकान उठलं, पण घरात तो रिवाज राहिला. नवा कपडा आला की आधी बाबांसमोर ठेवायचा, त्यांनी टॅगचा दोरा कापायचा, मग अंगात घालायचा.

आता जुन्या कपड्याला टॅग कुठून आणणार? थोरलीकडे एक टॅग होता. शेवटची नवी खरेदी म्हणून लेकीला, पिंगीला, फ्रॉक आणला होता, त्याचा. मग तोच टॅग ती प्रत्येक कपड्याला नव्या दोऱ्याने बांधू लागली. बाबा कापायचे, कचऱ्यात टाकायचे, ती तो हळूच काढून पुसून ठेवायची, पुढच्या कपड्यासाठी. बाबांना जाड भिंगांचा चष्मा होता. त्यांना ती बारीक अक्षरं काय दिसणार, असा तिचा हिशेब होता.

आता तो चुकला असणार. एरवी मास्तर हे घर सोडून कशाला जातील?

अक्का सगळ्यांच्या आधी आली. ही बाबांची मोठी मुलगी, नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली, आणि रात्रपाळीनंतर तिची जीभ जास्तच धारदार व्हायची. आल्या आल्या तिने बॅगेकडे बोट दाखवलं.

"एवढीच? चाळीस वर्षांच्या संसाराची एवढीशी बॅग?"

"बाबांनीच सांगितलं, जास्त नको म्हणून," थोरली म्हणाली.

"आणि तू ऐकलंस. तू कधीपासून ऐकायला लागलीस?" अक्काने तिचा चेहरा नीट पाहिला आणि आवाज खाली आणला. "भांडण झालं का तुमचं?"

"नाही हो अक्का. भांडण झालं असतं तर मिटवलं तरी असतं."

बाबा खिडकीपाशी बसले होते. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. थोरला दाराशी उभा राहून बॅगेचा पट्टा उगाच लांब-आखूड करत होता. तो मुळात कमी बोलायचा. छापखान्यातल्या आवाजात वीस वर्षं काढलेल्या माणसाची बोलायची सवय मोडते.

धाकटा बायकोला घेऊन दोन वाजता आला. टाइल्सच्या शोरूमचा मॅनेजर, अंगात नवा कोट, बाहेर एवढा उकाडा असूनही. वर्षाला दोन कोट घ्यायचेच, हा त्याचा नेम होता. मास्तरांच्या मुलाने जुनं घालून फिरायचं नाही, असं तो म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. ती आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि थोरलीला हळूच म्हणाली, "वहिनी, मी यांना म्हटलं होतं, घाई करू नका. पण बाबाच हो म्हणाले."

"तुमचं काय चुकलं त्यात? चहा घेणार ना?"

चहा झाला. बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं आणि न बोलण्यासारखं सगळ्यांकडे होतं. शेवटी थोरलीच उठली आणि कपाटातून एक शर्ट घेऊन आली. फिकट रंगाचा, बारीक रेघांचा. परवाच्या बुधवारी मिळाला होता, सहा महिने शोधत होती तसला. रात्री धुऊन, इस्त्री करून, टॅग बांधून ठेवला होता.

"बाबा, जाताना अंगात असू दे," ती म्हणाली आणि शर्ट पुढे केला.

बाबांनी शर्ट मांडीवर घेतला आणि टेबलाच्या खणातली कात्री काढली. धाकटा शेजारीच होता. वहिनीने निघताना का होईना बाबांसाठी नवं काही आणलं, याचं त्याला बरं वाटलं होतं. कौतुक करावं म्हणून त्याने टॅग हातात धरला आणि मोठ्याने वाचला.

"मुलींचा फ्रॉक. सहा ते सात वर्षे."

मग अक्का फसकन हसली आणि तिने तोंडावर हात धरला.

"दुकानदाराकडून चुकून लागला असेल," गणिताच्या बाई घाईने म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं. "होतं असं. आमच्या शाळेत एकदा..."

थोरलीने 'हो, तसंच असेल' म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण बॅग दाराशी होती, बाबा तसेही चाललेच होते, आणि तिला एकदम फार थकवा आला.

"चुकून नाही लागला. मी बांधला. शर्ट जुना आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांत या घरात जे आलं ते सगळं जुनं आहे. बाबांच्या अंगावरचा हा शर्ट, ह्यांची पॅंट, माझी चप्पल. भाऊजी, तुम्ही बसलात ती खुर्चीसुद्धा."

धाकटा खुर्चीवरून उठला. का उठला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही बाबांना लोकांचं उतरलेलं घातलंत?" त्याचा आवाज चढला. "मास्तरांना? ज्यांनी आख्ख्या गावाला नवं शिवून दिलं, त्यांना? आणि वर टॅग लावून फसवलंत? मला एक फोन केला असता वहिनी, तर मी पाठवले असते डझनभर शर्ट."

"तुमच्याकडे मागायचं नव्हतं."

"का? मी परका आहे?"

"ओरडायचं तर माझ्यावर ओरड," थोरला दाराशी उभ्या उभ्या म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गोदामाच्या पगारात हे घर चाललं ते हिच्यामुळे. कुणापुढे हात न पसरता चाललं. मला त्याची लाज वाटत नाही."

"मग लपवलंत कशाला?"

थोरला बॅगेचा पट्टा पुन्हा आखूड करू लागला. त्याने अक्काकडे पाहिलं. अक्का लहानपणापासून धाकट्याची बाजू घ्यायची, मंगळवारी बाबांना न्यायला तिचीही संमती होती. पण आता ती धाकट्यावर डाफरली, "तू आधी खाली बस. खुर्ची चावत नाही. चार दिवस सुट्टी टाकून हॉस्पिटलात यायला तुला जमलं नव्हतं, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी इथे कोण होतं?" धाकटा बसला नाही.

या सगळ्यात कुणाचं बाबांकडे लक्ष नव्हतं. त्यांनी टॅगचा दोरा कापला, टॅग टेबलावर ठेवला आणि बोटाने सरळ केला.

"सतरावा," ते म्हणाले.

"काय सतरावा, बाबा?"

"हा टॅग मी सतरा वेळा कापलाय." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "पिंगीच्या फ्रॉकला धरून अठरा. त्या वेळी तो खरा होता."

थोरलीने डोळे मिटून घेतले. मग उघडून म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं?"

"अगं, हा चष्मा लांबचं बघायला. जवळचं मला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, म्हणून तर सुईत दोरा अजून मी ओवतो. तुझ्या नवऱ्याच्या पॅंटवर सहा ते सात वर्षांचा फ्रॉक लिहिलं होतं, त्या दिवशी मला हसू आवरेना. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो होतो."

तिला तो खोकला आठवला. तिने काढा करून दिला होता.

"मग बोलला का नाहीत?" हे धाकट्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात राग कमी आणि गोंधळ जास्त होता.

चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची पोटं आणि ढेरपोटं मापताना त्यांनी एकालाही न दुखावता उत्तरं दिली होती, पण हा प्रश्न मापाचा नव्हता. "बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं," ते म्हणाले. "अक्के, आजोबांचा फोटो काढ खाली."

आजोबांचा फोटो बैठकीच्या भिंतीवर होता. दुकान नवीन उघडलं तेव्हाचा, दाराशी उभे, अंगात कोट, वर पाटी. अक्काने पदराने काच पुसून तो टेबलावर ठेवला.

"कोटाचा वरचा खिसा कुठल्या बाजूला आहे?" बाबांनी विचारलं.

"उजव्या," धाकटा म्हणाला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोटाचा खिसा डावीकडे असतो आणि आजोबांचा उजवीकडे आहे, कारण फोटोवाल्याने निगेटिव्हची काच उलटी धरून फोटो छापला. पाहुण्यांना ही गंमत आवर्जून सांगितली जायची. धाकट्याने शोरूममध्येसुद्धा सांगितली होती.

"फोटो उलटा छापलाय ना?"

"हो."

"मग पाटीवरची अक्षरं सुलटी कशी?"

पाचही जण वाकले. पाटीवर दुकानाचं नाव होतं आणि खाली, 'सर्व प्रकारचे नवीन कपडे शिवून मिळतील.' एकेक अक्षर जिथल्या तिथे, सरळ वाचता येत होतं. चाळीस वर्षं हा फोटो भिंतीवर होता, रोज पुसला जात होता, आणि या घरातल्या एकाही शहाण्याने कधी पाटी वाचली नव्हती. गणिताच्या बाईंनी हातानेच आरसा धरल्यासारखं करून पाहिलं आणि "अगंबाई" म्हणून मागे सरल्या.

"कोट उलटवलेला आहे," बाबा म्हणाले. "जुना कोट घ्यायचा, सगळा उसवायचा, कापड धुऊन ब्रशने झाडायचं आणि आतली बाजू बाहेर करून परत शिवायचा. बाहेरची बाजू विटलेली असते, आतली कोरी असते. पण डावी बाजू उजवीकडे जाते, त्यामुळे खिसाही जातो. त्याला इलाज नसतो. माझे वडील गाठोड्याने जुने कोट आणायचे. दुकान त्याच्यावर उभं राहिलं. मी शाळेतून आलो की उसवायचं काम माझ्याकडे. ब्लेडने एकेक टाका. शिवणीतली धूळ नाकात जायची, रात्रभर शिंका."

"आणि पाटीवर नवीन लिहिलंय," अक्का म्हणाली.

"नवीन शिवूनच द्यायचो की. कापड कुठलं, ते लिहिलं नव्हतं."

अक्का आता मोकळी हसली. धाकट्याला हसू येत नव्हतं. "आणि तो नियम? उतरलेलं उंबऱ्याच्या आत येणार नाही, तो?"

"धंदा चालायला लागल्यावर आला. आधी गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून. मग शेजाऱ्यांना. मग वडील गेले आणि तुम्ही मोठे व्हायला लागलात, तेव्हा मी तुम्हाला तो असा काही सांगितला की माझाच त्याच्यावर विश्वास बसला."

"म्हणजे मी जन्मभर लोकांना खोटं सांगत आलो."

"मी सांगितलं ते तू सांगितलंस. तुझी चूक नाही. तुला मास्तरचा मुलगा म्हणून मिरवता यावं असं मला वाटायचं, आणि तू मिरवलंस. मला बरं वाटायचं रे." बाबांनी हात पुढे केला. "पण तू ते फारच मनावर घेतलंस. काढ तो कोट."

"कशाला?"

"काढ तर. घामाने निथळतोयस."

धाकट्याने कोट काढला. बाबांनी तो उलटा केला, चष्मा बाजूला ठेवून नाकाशी धरला, पुढच्या भागाचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि तोंड वाकडं केलं.

"छातीच्या आतलं जाड कापड शिवलेलं नाही, चिकटवलंय. दोन पावसाळ्यांत फुगे येतील छातीवर. आणि शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, बोटभरही सोडलेलं नाही. तू थोडासा जरी सुटलास तर हा उसवून सैल करायला कापडच नाही. केवढ्याला घेतलास?"

धाकट्याने किंमत सांगितली नाही. त्याच्या बायकोने सांगितली. दोन वर्षांत तिला एवढं समाधान कशाने झालं नसेल.

"एवढ्या पैशांत," थोरली नकळत बोलून गेली, "मी आख्खं घर आणते. दोनदा."

"मला दाखवा वहिनी ते दुकान," गणिताच्या बाई म्हणाल्या. "खरंच दाखवा. आमच्या घरी नुसती खोकी येतात आणि खोकी जातात."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. चिडावं असं त्याला वाटलं, पण चीड काही येईना. शर्टाच्या बाह्या दुमडून तो पंख्याखाली उभा राहिला. उकाड्यात कोट घालून फिरण्याची त्याला एवढी सवय झाली होती की कोट नसताना वारा पाठीला लागतो हे तो विसरला होता. मास्तरांच्या मुलाने कसं राहावं, याचं एक ओझं त्याच्या अंगावर शाळेपासून होतं. आता कुणी तरी ते उचलून खुंटीला लावलं होतं. त्याला जरा पोरकं वाटत होतं आणि खूप हलकं वाटत होतं. तो येऊन त्याच खुर्चीत बसला.

"चांगली आहे खुर्ची," तो म्हणाला.

"एक पाय बदललाय ह्यांनी," थोरली म्हणाली.

मग ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. विचारायचं ते आता विचारायलाच हवं होतं. "बाबा, तुम्हाला राग आला नव्हता, तर मग चाललात कशाला?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तू दमून येतेस, स्वयंपाक करतेस, आणि मग कपाटाआड बसून माझ्यासाठी टॅग बांधतेस. एका म्हाताऱ्याच्या खोट्या नाकापायी. मला ते बघवेना. आणि खरं बोलायचं धाडसही होईना. म्हटलं, मी इथून गेलो तर पोरीला निदान आपल्या घरात मोकळेपणाने जुनी चप्पल तरी घालता येईल."

थोरलीचं चार दिवस साठलेलं सगळं वर आलं आणि ते भांडण होऊन बाहेर पडलं, कारण तिला दुसरा रस्ता माहीत नव्हता. "वा. आणि माझं काय झालं असतं, याचा विचार केलात? मला वडील नाहीत. सासरा मिळाला तोही न सांगता निघाला. आणि सगळं ठाऊक असून सतरा वेळा मला कचऱ्याच्या डब्यात हात घालायला लावलात."

"नाही हं," बाबा म्हणाले. हा आरोप त्यांना लागला. "कचऱ्यात नाही. मी तो कधी नुसता टाकला नाही. कचऱ्यावर आधी स्वच्छ कागदाची घडी ठेवायचो आणि वर टॅग. तुला खाली चाचपावं लागू नये म्हणून."

तिला तो कागद आठवला. प्रत्येक वेळी तो असायचा आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आज आपलं नशीब बरं. ती खाली बसली, तिथेच, बॅगेवर, आणि रडू लागली. थोरल्याने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. अक्काने नाक ओढलं आणि रात्रपाळीने डोळे चुरचुरतात असं काहीसं पुटपुटली.

"म्हणजे आता तुम्ही येत नाही," धाकटा म्हणाला. तो विचारत नव्हता.

"नाही रे."

"आलात तर मी जुनं आणणार नाही बाबा. पण टॅगही नाही बांधणार. तुम्हाला हवं ते आणीन. चांगल्या दुकानातलं, तुमच्या मापाचं." त्याला हे बोलताना वाईट वाटत होतं आणि ते लपत नव्हतं. बाप आपल्याकडे राहायला यावा असं त्याला खरोखर वाटत होतं. त्यात मिरवणं होतं, पण निम्मंच.

"आणशील. तू काही कमी करणार नाहीस, मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "म्हणून तर हो म्हणालो होतो. तू दुसऱ्या कुणाकडे पाठवत नव्हतास मला, आपल्या घरी नेत होतास. सुट्टीत येईन महिनाभर. पण हा शर्ट बघ."

त्यांनी अंगातला शर्ट काढला आणि मांडीवरचा रेघांचा चढवला. बटणं लावली, बाह्या झटकल्या, उभे राहिले.

"नवा शर्ट कुणीही आणतो. नंबर सांगितला की मिळतो. पण नव्या शर्टाचे दोन्ही खांदे सारखे असतात. मी चाळीस वर्षं उजव्या हाताने कोळशाची इस्त्री ओढली. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. नवा शर्ट घातला की उजवीकडे कॉलरजवळ चुणी पडते, आणि ती दिवसभर मानेला लागते. हा बघ, पडली का चुणी?"

पडली नव्हती.

"असा उतरता खांदा असलेलं दुसरं कुणी तरी माणूस या शहरात आहे. त्याने वापरून वापरून या शर्टाला तसा आकार आणला, आणि मग कुणी तरी तो टाकून दिला. ते शेकडो शर्टांतून हिने शोधून काढलं. मी हिला कधी माप दिलेलं नाही. खांद्याचं बोललोसुद्धा नाही."

"मी हँगरला लावून बघते," थोरली नाक पुसत म्हणाली. "उजवीकडे लवला तर घेते. सहा महिन्यांत एखादाच मिळतो."

धाकटा उठून बाबांच्या मागे गेला. त्याने दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, जसे लहानपणी बाबा गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहून ठेवायचे. उजवा हात खाली होता. बोटभर. या खांद्यांवर बसून तो बाजार फिरला होता, आणि हे त्याला आज कळत होतं.

मग त्याने थोरलीला उठायला हात दिला, तिच्या खालची बॅग उचलली आणि बाबांच्या खोलीत नेऊन ठेवली.

"वहिनी," आतून त्याचा आवाज आला, "बाबांच्या कपाटात कुठला कप्पा कशाचा आहे, ते मला सांगा जरा. मीच लावतो."